शिध्याचे माप आणि मजुरीचा हिशेब

(शास्त्रपाठ : अनुवाद १५:१२-१५, नहेम्या ५:१४-१९, प्रेषितांची कृत्ये ६:१-७)



मोशेच्या नियमशास्त्रात दासाच्या सुटकेविषयी जी आज्ञा आहे, ती वाचताना सहा वर्षांची चाकरी व सातव्या वर्षीची मोकळीक एवढेच बहुधा आपल्या ध्यानात राहते. परंतु दासाला मोकळे करावे इतके सांगून देव थांबत नाही. त्याला निरोप देताना धन्याने आपल्या कळपातून, आपल्या खळ्यातून व आपल्या द्राक्षकुंडातून त्याच्या पदरात उदारपणे घालावे, हाही त्याच आज्ञेचा भाग आहे. त्याचे कारणही तेथेच दिले आहे. इस्राएल स्वतः मिसर देशात दास होता, आणि परमेश्वराने त्याला सोडविले. येथे खळ्याचा उल्लेख विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या खळ्यावर त्या दासाने सहा वर्षे मळणी केली, त्याच खळ्यातले धान्य त्याला द्यावयाचे आहे. तेव्हा ते धान्य देताना धनी दानधर्म करीत नाही. तो आपले देणे फेडतो.

ह्या आज्ञेतील शहाणपण आमच्या झाडीपट्टीतील बांधवांना फोड करून सांगावे लागत नाही. वेठीतून सुटलेल्या मनुष्याची सुटका संध्याकाळी होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवावयाची असते. घरात दाणा नसला म्हणजे तो सवाईने किंवा दिढीने धान्य आणावयास जातो, आणि ज्या दारातून तो बाहेर पडला त्याच दारात पुन्हा उभा राहतो. इस्राएल लोकांनी अरण्यात मिसरातील मांसाच्या हंड्यांची आठवण काढली म्हणून आपण त्यांस दोष देतो. परंतु त्यांना फारोवर प्रीती नव्हती, त्यांना भूक लागली होती. देवानेही त्या समयी त्यांस शिक्षा केली नाही, मान्ना दिला. सुटलेल्या दासांच्या त्या राष्ट्राला सीनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळण्यापूर्वी अन्न मिळाले, आणि तेही मापाने मिळाले. माणशी एक ओमर, ज्याने पुष्कळ गोळा केले त्याला अधिक उरले नाही, व ज्याने थोडे गोळा केले त्याला उणे पडले नाही.

आता जो प्रश्न आम्हांस ह्या लेखात पुढे ठेवावयाचा आहे तो असा. आमचे काही उपदेशक बंधू विचारतात की, ज्याने उपाशी दिवसांत आपल्या लोकांस धान्य दिले, त्याच्याकडेच मजुरीचा हिशेब मागणे हा कृतघ्नपणा नव्हे काय? ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी वाद कसा घालावा? प्रश्न भोळेपणाचा दिसतो, पण त्यावर पुष्कळ घरांचे सुखदुःख टांगलेले आहे. उत्तर देण्याकरिता आम्ही इतिहासातील एक प्रसंग घेतो, की ज्यात हाच प्रश्न एका मोठ्या सैन्याच्या छावणीत उभा राहिला होता.

हा प्रसंग दूर देशीचा आहे; तरी मराठी मुलुखाचा त्या गोष्टीशी संबंध नाही असे मात्र नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने आश्रय दिला होता. डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांचा देह १८७३-७४ साली आफ्रिकेच्या मध्यभागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. तो तेथेच शिकलेला. आणि जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीकरिता झटलेल्या लोकांसच अर्पण केले. त्या अमेरिकेतील ही हकिगत आहे.

१८६१ साली अमेरिकेच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील प्रांतांत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडे कापसाचे मोठमोठे मळे होते, व त्यांवर काळ्या लोकांस गुलाम म्हणून राबवीत असत. युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि मुंबईच्या बाजारात आपल्या इकडच्या कापसाचा भाव एकाएकी चढला, हे पुष्कळांनी वाचले असेल. तो तिकडचा कापूस ज्यांच्या हातांनी वेचला जात असे, त्यांच्याविषयी आपण बोलत आहो.

व्हर्जिनिया प्रांताच्या किनाऱ्यावर मन्रो नावाचा किल्ला उत्तरेच्या सैन्याच्या हाती राहिला होता. हा किल्ला ज्या भूशिरावर आहे, तेथेच १६१९ साली आफ्रिकेतून आणलेले लोक त्या इंग्रजी वसाहतीत प्रथम उतरविण्यात आले होते. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी व जेम्स टाउनसेंड असे तीन गुलाम होडीत बसून ह्या किल्ल्याच्या आश्रयास आले. दक्षिणेचे सैन्य त्यांजकडून तोफांचा मोर्चा बांधवून घेत होते. दुसऱ्या दिवशी धन्याच्या वतीने एक अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला, व तिघांची मागणी करू लागला. किल्ल्याचे सेनापती बेंजामिन बटलर हे पेशाने वकील होते. त्यांनी उत्तर दिले की, व्हर्जिनिया आपणांस परराष्ट्र म्हणविते, तेव्हा पळालेले गुलाम परत करण्याचा आमचा कायदा तिला लागू नाही. आणि शत्रू ज्यांचा उपयोग युद्धकार्याकडे करतो, ते युद्धात जप्त करण्याजोगे होत.

मनुष्याला जप्तीचा माल म्हणणे हे शोभले नाही, हे खरे. तरी त्या वेड्यावाकड्या शब्दाने एक दार उघडले. ही बातमी मळ्यामळ्यांतून पसरली. लोक एकएकटे आले, मग कुटुंबेच्या कुटुंबे आली. जुलै महिन्याच्या अखेरीस बटलर ह्यांनी वरिष्ठांस जी गणती कळविली, तीत ९०० माणसे होती. त्यांपैकी धडधाकट पुरुष ३००, कष्टाचे काम न होणारे वृद्ध पुरुष ३०, स्त्रिया १७५, दहा वर्षांच्या आतील मुले २२५, आणि दहा ते अठरा वर्षांची मुले १७० होती. हे आकडे उपदेशक बंधूंनी सावकाश वाचावे. सैन्याला खंदक खणणारे, जहाजावरचा माल उतरविणारे, स्वयंपाक व धुणे करणारे हात पाहिजे होते. परंतु हातांबरोबर तोंडेही आली, आणि त्यांत सव्वादोनशे तोंडे तर लहान लेकरांची होती.

ह्या सर्वांस खावयास काय द्यावे, व ते कोणाच्या खाती लिहावे? बटलर ह्यांनी २७ मे रोजीच सरसेनापतींस लिहिले होते की, सर्वांस योग्य अन्न द्यावे, काम न करणाऱ्यांच्या पोषणाचा खर्च काम करणाऱ्यांच्या मजुरीतून वळता करावा, व कामाचा आणि खर्चाचा असा दोन्हींचा चोख हिशेब ठेवावा. त्या सैन्यात शिपायाचा दिवसाचा शिधा म्हणजे १२ औंस खारविलेले डुकराचे मांस किंवा २० औंस गाईबैलाचे मांस, त्यासह पीठ किंवा कडक बिस्किटे, आणि वाटणीने घेवडा, कॉफी, साखर व मीठ असा असे. औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. कामकऱ्याला ह्या शिध्याचा वाटा मिळू लागला. ज्याच्या बापाजाद्यांनी दुसऱ्याच्या मर्जीने मोजलेला मका खाऊन जन्म काढला, त्याला हा फार मोठा पालट वाटला असेल.

पण आता पुढे पाहा. १ नोव्हेंबर १८६१ रोजी, बटलर ह्यांच्या मागून आलेले सेनापती जॉन वूल ह्यांनी हुकूम काढला. धडधाकट मजुराला महिना १० डॉलर मजुरी व एक शिधा ठरला. परंतु त्या १० डॉलरांपैकी त्याच्या हातात २ डॉलरच पडावयाचे होते. बाकीची रक्कम कोठाराच्या अधिकाऱ्याकडे ठेवून तीतून बायकामुलांचा व दुबळ्यांचा खर्च चालावयाचा होता. कागदावर ही व्यवस्था दयेची दिसते. विधवा उपाशी राहू नये, पोरके उपाशी राहू नये, हे कोणाला नको आहे? परंतु दहांतले आठ ज्या वहीत गेले ती वही मजुराने कधी पाहिली नाही, आणि हातात यावयाचे दोन तेही पुष्कळांस वेळेवर मिळाले नाहीत.

त्या वेळी तेथे लुइस लॉकवुड नावाचे पाळक काम करीत होते. त्यांस अमेरिकन मिशनरी असोसिएशनने सप्टेंबर १८६१ मध्ये पाठविले होते. ही संस्था १८४६ साली निघाली, ती अशा लोकांनी काढली की ज्यांस जुन्या मिशनसंस्थांचे गुलामगिरीविषयीचे मौन सहन झाले नाही. आणि ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, ते बोर्डही त्या जुन्या संस्थांपैकीच होते. लॉकवुड शिधा वाटला जात आहे हे पाहून समाधान मानून बसले नाहीत. लोकांची मजुरी राहिली आहे, हे त्यांनी लिहून, बोलून, वरपर्यंत कळविले. चौकशी झाली, आणि मार्च १८६२ मध्ये, मजुरी कामकऱ्याच्याच हाती द्यावी, असा नवा हुकूम निघाला.

आता उपदेशक बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. लॉकवुड कृतघ्न होते काय? त्या मजुरांनी सैन्याचे मीठ खाल्ले होते, ही गोष्ट खरी. परंतु सैन्याचा खंदक कोणी खणला होता? मीठ दोहोंकडून खाल्ले गेले होते. याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते व ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते, असे म्हटले आहे. मजुरांस दुपारी भाकर मिळत होती की नव्हती, ह्याची तो तेथे चौकशी करीत नाही. भाकर दिल्याने मजुरी फिटत नाही. इतकेच नव्हे, तर हिशेबाशिवाय दिलेली भाकर मनुष्याला हळूहळू पुन्हा बांधते. कारण आपण किती कमावले व किती खाल्ले हे ज्याला कळत नाही, त्याला आपण मोकळे आहो की नाही हेही कळत नाही.

दुसरी गोष्ट. शिधा वाटणाऱ्याविरुद्ध तक्रार करणे हे पाप आहे काय? उत्तर कॅरोलिना प्रांतात रोआनोक नावाचे बेट आहे. तेथे १८६३ पासून सुटलेल्या गुलामांची वसाहत वसविण्यात आली होती. तेथील पुष्कळ पुरुष सैन्यात शिपाई झाले, पुष्कळांनी सैन्याची मजुरी केली. मागे राहिलेल्या कुटुंबांस शिधा मिळेल असे त्यांस वचन होते. मार्च १८६५ मध्ये त्या लोकांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन ह्यांस अर्ज लिहिला की, आमची मजुरी थकली आहे, शिधा तोडला आहे, आणि वाटणारेच त्यात हात मारीत आहेत. चार वर्षांपूर्वी ज्यांस अक्षर शिकणे गुन्हा होता, त्यांनी राष्ट्राच्या प्रमुखाला आपल्या भाकरीचा हिशेब विचारला.

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीतही असेच झाले होते. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते, अशी कुरकुर उठली. तेव्हा प्रेषितांनी, तुम्ही फुकटचे खाऊन वर कुरकुर करता, असे म्हटले नाही. त्यांनी सात माणसे निवडावयास सांगितली. त्या सातांची नावे वाचून पाहा. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुतकरून त्यांच्यातलीच माणसे मंडळीने वाटपावर नेमली. कुरकुर ऐकून माप ज्यांच्या हाती दिले गेले, त्यांच्या हातून पुढे वचनाची वृद्धी झाली, असे तोच अध्याय सांगतो. धान्याचे काम पवित्र आत्म्याने भरलेल्या माणसांचे आहे, असे प्रेषितांस वाटले. ते हलके काम आहे, असे आपल्यापैकी कोणी समजू नये.

तिसरी गोष्ट वाटणाऱ्याच्या स्वतःच्या ताटाविषयी आहे. हॅरिएट टबमन हे नाव आमच्या भगिनींनी स्मरणात ठेवावे. ही बाई स्वतः गुलामगिरीत जन्मली; १८४९ साली ती पळाली, आणि मग वारंवार परत जाऊन तिने आपल्या लोकांस बाहेर काढले. १८६२ साली ती दक्षिण कॅरोलिनातील बोफर्ट येथे उत्तरेच्या सैन्याबरोबर दाई, स्वयंपाकीण व पुढे हेर म्हणून काम करू लागली. तिला आरंभी शिपायाप्रमाणे शिधा मिळत असे. तेथे नुकतेच सुटलेले लोक होते. त्यांस तिच्या शिध्याचे वैषम्य वाटू लागले, की ही आपल्यातलीच असून हिला अधिक का? टबमनने वाद घातला नाही. तिने तो शिधा घेणे सोडून दिले. दिवसभर रोग्यांची शुश्रूषा करून रात्री ती पन्नासएक भाजलेल्या गोड कचोऱ्या, आल्याची पोळी व मुळ्यांच्या काढ्याची दोन पिंपे पेय तयार करी, आणि ते छावणीत विकावयास पाठवून आपले पोट चालवी. जो थोडा पैसा सरकारकडून मिळाला, त्यातून तिने सुटलेल्या स्त्रियांकरिता धुण्याचे घर उभारले, की तेथे त्यांनी काम शिकून स्वतःच्या हाताने कमवावे. तिच्या स्वतःच्या चाकरीचा पूर्ण मोबदला तिला अनेक वर्षे मागूनही मिळाला नाही.

नहेम्या यहूदा देशाचा अधिकारी होता. अधिकारी म्हणून अन्नाचा जो भत्ता त्याला मिळावयाचा, तो बारा वर्षे त्याने घेतला नाही. कारण लोकांवर दास्याचे ओझे फार भारी होते. त्याच अध्यायाच्या आरंभी आपण वाचतो की, लोकांनी धान्याकरिता शेते व घरे गहाण टाकली होती, आणि मुलामुलींस दास्यात द्यावे लागत होते. नहेम्याने सरदारांचा व अधिकाऱ्यांचा निषेध केला तो परिणामकारक झाला, कारण त्याचे स्वतःचे ताट स्वच्छ होते. त्याचप्रमाणे टबमनच्या शब्दाला त्या छावणीत वजन आले. उपदेशक बंधूंनो, आपल्या हातून मदत वाटली जाते तेव्हा लोक आपल्या उपदेशापूर्वी आपले मडके पाहतात.

आमच्या लोकांस आजही कोठे कोठे 'दुष्काळी ख्रिस्ती' म्हणून हिणवितात. १८९६-९७ च्या व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अन्न दिले, पुष्कळ अनाथ वाढविले, व त्यांतून मंडळ्या झाल्या, ही गोष्ट खरी आहे. तिची लाज वाटण्याचे कारण नाही. इस्राएलही अरण्यातला मान्ना खाऊनच राष्ट्र झाला. लाज वाटावी ती एवढ्याच गोष्टीची, की कोणी भाकर देऊन मनुष्याची जीभ विकत घ्यावी, किंवा भाकर मिळाली म्हणून मनुष्याने आपली जीभ गहाण टाकावी. मन्रो किल्ल्याजवळ सप्टेंबर १८६१ मध्ये मेरी पीक नावाची शिक्षिका एका मोठ्या ओक वृक्षाखाली ह्या लोकांच्या मुलांस शिकवू लागली. ती क्षयाने आजारी होती, आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये वारली. तिच्यापुढे बसलेली मुले सैन्याचा शिधा खाऊन येत होती. पण ती अक्षर शिकत होती, आणि अक्षर आले म्हणजे हिशेब येतो.

आता आमच्याकडे पाहू. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारी बंद केली आहे, आणि १९७६ च्या कायद्याने वेठीस बांधणारे कर्जच रद्द ठरविले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे पात्र कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क आहे. रास्त भावाच्या दुकानदाराची ती कृपा नव्हे. तथापि कायदा पुस्तकात राहतो, आणि माप माणसाच्या हातात राहते. आमचे लोक तेंदूपानांच्या हंगामात जंगलात जातात, धानाच्या रोवणीला जातात, ऊर्जानगरासारख्या ठिकाणी, खाणींवर व रस्त्यांवर कंत्राटदाराच्या हाताखाली काम करतात. मुकादम उचल देतो, तांदूळ देतो, आणि हंगामाच्या शेवटी म्हणतो की सर्व फिटले. फिटले असेलही; परंतु ते वहीत दिसले पाहिजे.

ह्यास्तव आम्ही तीन गोष्टी सुचवितो. ज्याला लिहिता येते अशा प्रत्येक उपदेशकाने आपल्या गावातील मजुरांच्या हजेरीची, पानांच्या पुड्यांची, घेतलेल्या उचलीची व धान्याची नोंद त्यांच्याच घरच्या वहीत करून द्यावी, आणि त्यांच्या लेकरांस ती करावयास शिकवावे. दुसरे, मंडळीत मुठीचे धान्य जमत असेल, तर त्याचा जमाखर्च दर महिन्याच्या एका रविवारी उपासनेनंतर मोठ्याने वाचून दाखवावा, आणि वाटपावर जे दोघे-तिघे नेमावयाचे त्यांत ज्यांस धान्य मिळते त्यांच्यातली एक विधवा अवश्य असावी. तिसरे, कोणी बांधव हिशेब मागावयास निघाला, तर त्याला एकट्याला जाऊ देऊ नये. दोघांनी बरोबर जावे, सौम्यपणे बोलावे, आणि शिवीगाळ न करता पण मान खाली न घालता, आपले जे आहे ते मागावे.

आणि ज्या बांधवांकडे स्वतःचे शेत आहे, स्वतःचा सालगडी आहे, त्यांनी हा लेख दुसऱ्याकरिता लिहिला आहे असे समजू नये. आपल्या खळ्यावर पायली कोणाच्या हाताने भरली जाते, आणि ती काठोकाठ भरते की नाही, हे प्रभू पाहत आहे. मापात पाप ही म्हण आपल्या बापजाद्यांनी उगीच केली नाही.

स्वर्गीय पित्याने आम्हां सर्वांस रोजची भाकर द्यावी. ती देणाऱ्या हातांस प्रामाणिकपणा व ती घेणाऱ्या हातांस धैर्य द्यावे. आणि ज्याने पाच हजारांस जेवू घालून उरलेल्या तुकड्यांचीही मोजदाद करविली, त्या प्रभू येशूच्या नावाने आमच्या वह्या त्याच्यापुढे उघड्या राहोत. आमेन.

— एक पाळक, ऊर्जानगर